फोनचा आयकॉन आणि नालायक ब्राउझर

३ जून, सकाळी ९
नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं काम फत्ते. जनावरांच्या डॉक्टरांची वेबसाइट सुरू झाली. वर नंबर, शेजारी फोनचा आयकॉन. दाबला की थेट दवाखान्यात फोन. जुन्या साहेबांना लिंक पाठवली. कळू दे काय गमावलं ते.

५ जून
डॉक्टरांचा फोन. दवाखाना नवा, वेबसाइटवर भिस्त, आणि दोन दिवसांत एकही कॉल नाही. ते आणि कंपाउंडर माशा मारत बसलेत. शिवाय आयकॉन मुंगीएवढा दिसतो म्हणे. माझ्याकडे तर चांगला ठसठशीत आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडला. खरंच मुंगी! तिसऱ्यातही तेच. म्हणजे माझा ब्राउझर शहाणा, बाकीचे कामचुकार. लोकांना आयकॉनच दिसत नाही, तर फोन कुठून करणार? संध्याकाळपर्यंत निकाल लावतो.

५ जून, संध्याकाळी ७
सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, झूम लिहिलं. एका ब्राउझरनं ऐकलं, एकानं ढुंकूनही पाहिलं नाही. जेवून बघू.
जेवण जड झालं.

६ जून
झूम काढून ट्रान्सफॉर्म लावलं. आयकॉन सगळीकडे वाढला, पण जागा जुन्याएवढीच अडवली आणि बाजूच्या नंबरावर चढून बसला. बायको म्हणाली, स्क्रीनला नाक लावून बसता, डोळे तपासून घ्या. परवा मी चहात मीठ घातलं तेव्हाही हेच म्हणाली. डबेच सारखे आहेत, त्याला मी काय करू?

७ जून, सकाळी ११
रोज सहाला उठून सगळे ब्राउझर तपासायचं ठरवलंय. आज साडेसातला उठलो. प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळा नियम लिहिला. माझ्याकडे आयकॉन आता ताटाएवढा. डॉक्टर म्हणाले, आता बरा दिसतो, पण फोन अजून नाहीत. सोमवारपर्यंत आले नाहीत तर काम दुसऱ्याला. म्हणजे मी परत साहेबांच्या केबिनमध्ये, हात बांधून. निरोप समारंभात मी जरा जास्तच बोललो होतो.

८ जून
बायको शाळेचं पत्रक टाइप करायला माझ्या कॉम्प्युटरवर बसली. ब्राउझरच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला: १७५ टक्के. डोळे बारीक करावे लागू नयेत म्हणून मीच कधीतरी वाढवून ठेवला होता. बाकीचे ब्राउझर बिचारे खरं तेच दाखवत होते. ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. पर्स उचलली आणि मला चष्म्याच्या दुकानात नेलं.

१० जून, सोमवार, सकाळी १०
चष्मा आला. सगळे नियम खोडले. आयकॉनला लांबी-रुंदीच्या दोनच ओळी दिल्या, सगळ्या ब्राउझरमध्ये एकसारखा. मुळात एवढंच काम होतं. झकास दिसतोय.
शेजारचा नंबरही झकास दिसतोय. त्यातला शेवटचा आकडा तीन आहे. डॉक्टरांच्या कार्डावर आठ.

१० जून, सकाळी १०.२०
नंबर गुपचूप दुरुस्त केला. मग राहवेना, म्हणून त्या चुकीच्या नंबरावर फोन लावला. कुणी निवृत्त गृहस्थ निघाले. म्हणाले, आठवडाभर जनावरांचेच फोन येताहेत. आधी चिडलो, मग सवय झाली. आता सगळ्यांना सांगतो, पाणी पाजा, निजू द्या, उद्या कळवा. बऱ्याच जणांना गुण आलाय. मग आवाज मऊ करून विचारलं, तुमचं काय, कुत्रं की मांजर?
मी मांजर म्हणालो आणि पाणी किती पाजायचं ते लिहून घेतलं.