जिवाणू, गाळ आणि अस्थी यांची व्यवस्था

मी, रावजी सहादू गायधनी, वय अडुसष्ट, आमच्या कॉलनीच्या सांडपाणी केंद्रातला निवृत्त ऑपरेटर, राहणार नाशिक रोड, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. पत्नी नवसाबाई शेजारी बसून वाटाणे सोलते आहे. तो धाक समजू नये.

१. घर माझ्यामागे नवसाबाईचे आणि तिच्यामागे मुलगा कुंदन याचे. घरातला मायक्रोस्कोप त्याने माळ्यावर टाकू नये. सून रूपाली त्यावर ओले टॉवेल वाळत घालते, तेही थांबावे.

२. माझे गमबूट आणि नमुने काढायचा लांब दांड्याचा डबा हल्लीचा ऑपरेटर भिकन याला द्यावा. सोबत ताकीद: पहिल्या टाकीत हवा सोडायची नाही. तिथे हवा नसते म्हणूनच जिवाणू सांडपाण्यातली आंबट आम्ले पोटात भरून घेतात आणि त्यासाठी पोटातला फॉस्फरस बाहेर टाकतात. दुसऱ्या टाकीत हवा मिळाली, की साठवलेले खाऊन अंगात जोर येतो आणि टाकला होता त्याहून जास्त फॉस्फरस ओढून घेतात. मग त्यांच्यासकट गाळ उपसायचा. तो उपसला नाही तर मरणारे जिवाणू सगळे परत पाण्यात सोडतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

३. धाकटा भाऊ लहानू, झेंडूची शेती करतो, याच्याविषयी. १९९४ साली मी पेठला लग्नाला गेलो आणि केंद्र त्याच्यावर सोपवले. परत आलो तर हवेची नळी पहिल्या टाकीत! विचारले तर म्हणाला, "दादा, मुके जीव हायेत ते. गुदमरत व्हते, बघवलं नाय मला." दयेपोटी त्याने माझ्या जिवाणूंची सवयच मोडली. फॉस्फरस सरळ नाल्यात गेला, नाला पाणवेलींनी हिरवागार झाला आणि कॉलनीने मला नावे ठेवली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. गाळ मात्र त्याच्याच शेतात पाठवत राहिलो, कारण झेंडूचा त्यात काही दोष नव्हता. हा राग मी या कलमाने रद्द करतो. गाळ त्यालाच मिळत राहावा, ही सोसायटीला विनंती.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या अस्थी रामकुंडात सोडू नयेत. हाडांत फॉस्फरस ठासून भरलेला असतो. जन्मभर जो नदीपासून अडवला, तोच शेवटी कलशात भरून, मंत्र म्हणून मी स्वतः नदीत नेऊन टाकायचा, हे मला जमणार नाही. अस्थी लहानूच्या झेंडूच्या वाफ्यात मिसळाव्यात.

हे कलम मोठ्याने वाचले तेव्हा नवसाबाईच्या हातातले वाटाणे घरभर सांडले. "रामकुंड एवढं हाताशी असताना झेंडूत? लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "लोक नदीतल्या पाणवेलींबद्दल काय म्हणतात, ते ऐक."

ती रडली. मलाही रडू आले, ते इथे नोंदवतो. मग तिने लहानूला बोलावून घेतले. तो दारातच उभा राहिला, कलम ऐकले आणि म्हणाला, "वहिनी, बांधाकडचा वाफा देतो. तिथं सकाळचं ऊन लय चांगलं येतं. पण दादा, तुला तिथं हवा द्यायची का नाय, ते आधीच सांगून ठेव."

बारा वर्षांनी मी त्याच्याशी बोललो. म्हणालो, "दे बाबा, भरपूर दे."

५. नवसाबाईच्या सांगण्यावरून जोडलेले कलम. तिचे शब्द जसेच्या तसे: "जन्मभर तुमच्या टाकीचा वास सोसला. आता मी एकटी रामकुंडात काय करू?" म्हणून कलम चार दोघांनाही लागू. वाफा थोडा रुंद घ्यावा.

ठिकाण: नाशिक रोड
तारीख: १२ फेब्रुवारी २००६

सही: रावजी सहादू गायधनी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. केरू भागवत, शेजारी
२. साधना केदारे, शिक्षिका