सहा जणांच्या यादीतला बुटका

आई, तुझ्या बुटक्याला काढून टाक म्हणतायत. आधीच सांगून टाकतो, कारण पाल्हाळ तुला आवडायचं नाही. भोरचा माझा दोस्त, ज्याच्या जोडीनं मी रविवारी पुण्याला मोबाईल गेमच्या स्पर्धेत उतरणार आहे, तो आज सकाळी वेल्ह्याला माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आला, चहा अर्धाच ठेवला आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत यादी द्यायचीय. त्यात बुटका असंल तर मी न्हाई." मला तिथंच संशय आला. आपल्या आवडीचं एखादं नवं जनावर माझ्या यादीत घुसवायचा याचा डाव असणार. सरळ सल्ला द्यायला कुणी एवढ्या सकाळी घाट चढून येत नाही.

बुटका तुला आठवतो का गं? सातवीत होतो तेव्हा मामानं पुण्याहून हातात धरून खेळायचा जुना गेम आणला होता. सुरुवातीलाच तीन राक्षस समोर येतात. त्यातला एक निवडायचा, वाढवायचा आणि दुसऱ्यांच्या राक्षसांशी झुंजवायचा. मला निळा पंखवाला हवा होता. तू चुलीपुढं भाकरी थापतीयस. "दाव बरं," म्हणतेस आणि पिठाचा हात तसाच वर धरून पडद्याकडं वाकून बघतेस. "ह्यो नगं. तोंड बघून जनावर घेत्यात व्हय? पाय बघ. ह्यो बुटका घे, लई जमिनीला धरून हाय." अगं, ती कार्टून होती, त्यांच्या पायांचा आणि ताकदीचा काडीचा संबंध नव्हता! पण आपल्या घरात जनावर पायांवरूनच पारखायचं, मग ते पडद्यावरचं का असेना. आणि बुटका निघाला खरंच दणकट. शाळेतल्या झाडून सगळ्यांना त्यानं लोळवलं. मी छाती काढून फिरायचो. निवड आईची होती, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता तोच खेळ मोबाईलवर आलाय. बुटकाही आहे, अगदी होता तसा. पण दर दोन-तीन महिन्यांनी नवे राक्षस येतात आणि प्रत्येक नवा आधीच्यापेक्षा वरचढ. बुटका एक पाऊल उचलेपर्यंत हे दोनदा मारून मोकळे. कंपनी म्हणते, आम्ही समतोल राखतोय. कसला डोंबलाचा समतोल! नवा आला की महिनाभर तो कुणाला आवरत नाही, सगळे त्याच्यामागं धावतात, मग हळूच त्याचा जोर कमी करतात आणि पुढचा सोडतात. यात नक्की पाणी मुरतंय. एकदा तर मला वाटलं, बुटक्याची ताकद यांनी गुपचूप घटवली. पडद्याचे जुने फोटो काढून आकडे ताडून बघितले. तेच होते. तरी माझा विश्वास बसला नाही, अजूनही पुरता बसलेला नाही.

दोस्त गेल्यावर मला आपली म्हातारी शेळी आठवली आणि इतक्या वर्षांनी तुझा राग आला. कळपाच्या पुढं चालायची ती. दर दिवाळीनंतर तू कळप पारखायचीस, दात बघायचीस, कास बघायचीस, आणि ओढा ओलांडताना कोण पुढं, कोण मागं ते बघायचीस. मी आठवीत होतो त्या वर्षी म्हातारी सगळ्यात शेवटी आली. दुसऱ्याच दिवशी वेल्ह्याच्या बाजारचा टेम्पो आपल्या गावात, पालीत, येऊन उभा राहिला आणि मी टेम्पोपुढं आडवा झालो. "तुला दया न्हाई! दूध आटलं म्हून इकतीस तिला!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. तू मला बाजूला ओढलंस. आवाज चढवला नाहीस. "मागं पडल्याली शेळी बिबट्या नेतो," म्हणालीस. मी म्हणालो, "आन बाजारात काय तिची पूजा करणार हायेत?"  तू एवढंच विचारलंस, "रोज मागं थांबून तिला कोण आणणार हाय? तू?" मी म्हणालो, "व्हय, म्या आणीन." तू टेम्पोवाल्याला हात केलास. आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तेव्हापासून कुणी "त्याच्या भल्यासाठी" म्हटलं की मी आधी त्याचा हात कुठं जातोय ते बघतो.

दोस्ताला खोटं पाडायचंच म्हणून दुपारी, बाजार थंडावल्यावर, खेळातली नोंद उघडली. झालेली प्रत्येक झुंज तिथं राहते. यादीत सहा राक्षस द्यायचे असतात, पण मैदानात चारच उतरतात, आणि ते चार ऐन वेळी आपण निवडायचे. हंगामाच्या सुरुवातीपासून बघत आलो. बुटका प्रत्येक यादीत आहे. मैदानात एकदाही नाही. आधी वाटलं, नोंदच चुकलीय. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. खेळाच्या ग्रुपवर बुटक्याचा फोटो लावून "जुन्यांना विसरू नका" म्हणून लोकांना शहाणपण शिकवणारा मी, आणि ज्यांना शिव्या घालतो तेच चार नवे उतरवून दर वेळी जिंकणारा पण मीच. दोस्ताला फोन लावला. तो म्हणाला, "तू त्याला खेळवला असतास तर हरलो असतो तरी बोललो नसतो गड्या. नुसती जागा अडवून ठेवलीस त्याच्या नावानं." मी फोन ठेवला.

यादी पाठवली. बुटका त्यात नाही. त्याच्या जागी कोण आलं ते तुला सांगत नाही, त्याला धड पायसुद्धा नाहीत.

तू गेलीस, आता हे तुला पोचायचं नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच पुढचं लिहायला हात धजतोय. टेम्पोपुढं आडवा झालो त्या आख्ख्या वर्षात मी एक दिवसही शेळ्यांमागं गेलो नव्हतो. संध्याकाळी कळप घरी यायचा तेव्हा मी गेम घेऊन पडवीत बसलेला असायचो. सगळ्या शेळ्या आत गेल्या की बऱ्याच वेळानं तू यायचीस, ओढ्यापासून म्हातारीला खांद्यावर घेऊन, धापा टाकत. मी मान वर करून बघायचो, आणि परत खेळायला लागायचो.