चव्वेचाळीस कविता आणि एक डोंगल

९ जानेवारी २००९, शुक्रवार

डोंगल आणलं! कुडाळला जाऊन, दोन एसट्या बदलून. अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. रुक्मिणीने तळहातावर घेऊन बघितली. "ह्या आणूक कुडाळाक गेलात? आणि खोबऱ्याचा तेल?" तेल विसरलो होतो.

दीपेश मुंबईला आहे, कंपनीच्या मेडिकलसाठी. सतराला घरी येणार, अठराला कोचीची गाडी, तिथून बोट. मग नऊ महिने समुद्र. मुंबईला जाताना पायरीवर बुटाची नाडी बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबानू, तुमच्या त्या शाळेतल्या कविता फोनात भरा आणि माझ्या लॅपटॉपात घाला. बोटीर ऐकतंय."

तीस वर्षांत पहिल्यांदा मागितल्या! लहान असताना मी कविता म्हणायला लागलो की हा ताट उचलून पडवीत जेवायला जायचा. खरंच हव्यात, की म्हाताऱ्याला उद्योग लावून दिला?

उद्योग तर उद्योग. चव्वेचाळीस माझ्या आवाजात भरून झाल्या. दुसरीतली खारीची, चौथीतली दीपस्तंभाची, आणि ती बंदरावरची, जी म्हणताना अजूनही पाटीवरच्या ओल्या फडक्याचा वास येतो. सगळ्या माझ्या फोनात आहेत. लॅपटॉपात न्यायच्या कशा, एवढंच राहिलं. या फोनाची वायर मालवणात मिळत नाही, कुडाळातही नाही. दुकानदार म्हणाला, वायर कशाला, हे डोंगल लॅपटॉपाला लावा, ब्लूटूथने जातात. हवेतून! आमच्या पोस्टात चौतीस वर्षं असं काही नव्हतं.

१० जानेवारी

डोंगल लॅपटॉपला लावलं, त्याच्याबरोबरची सीडी आत घातली. त्याने इंग्रजीत अकरा प्रश्न विचारले. मी अकराही वेळा 'होय' दाबलं. नोकरीत न वाचता एक सही केली नाही. आज सगळी कसर निघाली.

कोपऱ्यात आता दोन निळ्या खुणा दिसतात. दोन म्हणजे एकापेक्षा बरं, असं समजून जेवायला गेलो.

११ जानेवारी, रविवार

फोनाला लॅपटॉप दोनदा दिसतो. 'दीपेश' आणि खाली पुन्हा 'दीपेश'. वरचा निवडला — जोडणी झाली नाही. खालचा निवडला — जोडणी झाली नाही. फोन टेबलावर, लॅपटॉप टेबलावर, मध्ये वीतभर अंतर. रुसलेले व्याही मांडवात बसावेत तसे बसले आहेत दोघे.

१२ जानेवारी

शेवटी योगिनीला बोलावलं. बाजारात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. हसते कमी, बोलते नेमकं. पाच मिनिटांत तिला रोग कळला.

"काका, ह्या लॅपटॉपाच्या पोटात ब्लूटूथ आधीच होतो. तुमी कुडाळातसून दुसरो हाडून बसयलात. आता दोघांचे ड्रायव्हर एकाच फोनाक धरूक बघतत. म्हणान तो कोणाकच गावणा नाय."

ड्रायव्हर म्हणजे चालवणारा माणूस नव्हे, यंत्राला काम शिकवणारी आतली व्यवस्था — तिने समजावलं. मला त्याआधीच समजलं होतं, तिला म्हटलंही. आमच्या रवळनाथाच्या जत्रेत एका वर्षी झालं तेच हे! पालखीला पहिला खांदा आमचा, म्हणून दोन घरं भांडली. पालखी रात्रभर देवळात, नैवेद्य थंड, मालवणहून पोलीस. दोन मानकरी आणि पालखी जागची हलेना.

योगिनी म्हणाली, एक काढावा लागेल. हे रुक्मिणीने माजघरातून ऐकलं. दीपेशच्या वस्तूतलं काहीही काढायचं तर देवाला विचारून. होडी घेतली ती कौल लावून, आमचं लग्न ठरलं ते कौल लावून. लॅपटॉप होडीपेक्षा महाग आहे, असं म्हणून तिने विषय संपवला.

१३ जानेवारी

देवळात गेलो. बाळा गुरवाने विचारलं, दोघे कोण? घरातली माणसं? मी सगळं सांगितलं. त्याने देवाकडे बघितलं, देवाला तरी कळलं का म्हणून. मग उजवीकडची कळी लॅपटॉपाच्या पोटातल्याची, डावीकडची कुडाळच्याची, अशा दोन ओल्या कळ्या देवाच्या अंगावर लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या यंत्रात दोन मानकरी शिरलेले आसत. खंयचो ठेवचो आणि खंयच्याक वाटेक लावचो, ता तूच सांग रे म्हाराजा!"

मुलीच्या स्थळासाठी कौल लावायला आलेल्या दोन बायका मागे बसल्या होत्या. त्यांनीही आमच्याबरोबर "होय म्हाराजा" म्हटलं. केवढं मोठं मन!

अर्ध्या तासाने उजवी कळी पडली. पोटातला राहणार, कुडाळचा जाणार. योगिनीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "माझा पण ह्याच मत होता काका. माका नारळ फोडूचो लागलो नाय, इतक्याच."

१४ जानेवारी

योगिनीला संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हणून तिने सांगितलं तसं मीच केलं. कुडाळचा काढला. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला.

परत आला!

पुन्हा काढला. पुन्हा आला. चार वेळा. तिळगूळ खाल्ला नाही.

१५ जानेवारी

योगिनी आली, लॅपटॉपाची कूस बघितली आणि कपाळाला हात लावला. डोंगल तिथेच खोचलेलं होतं. लॅपटॉप सुरू झाला की त्याला ते दिसायचं आणि तो मुकाट त्याचा ड्रायव्हर पुन्हा आत घ्यायचा.

"मानकऱ्याचो मान काढलात काका, पण तेका गाभाऱ्यात तसोच बसवन ठेवलात."

मीच केलेली उपमा माझ्यावर! डोंगल उपटलं. मग कुडाळचा काढला तो गेला. पोटातला एकटा उरला. फोनाने आकडा विचारला. चार शून्यं दिली. जोडणी झाली!

एकेक कविता पाठवायची, दर वेळी लॅपटॉप विचारणार, घेऊ का? मी फोन धरला, रुक्मिणी लॅपटॉपापाशी बसली. चहानंतर सुरुवात केली, दिवेलागणीला संपलं. चव्वेचाळीस वेळा तिने बटण दाबलं आणि चव्वेचाळीस वेळा तोंडाने म्हणाली, "होय म्हाराजा."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. माझ्या कवितांना तिने एवढा होकार कधी दिला नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

दीपेश आला. बांगड्याचं तिखलं जेवला. मी लॅपटॉप उघडून चव्वेचाळीस नावांची यादी दाखवली. रात्रीच अनुक्रम लावला होता, इयत्तेप्रमाणे. यादीवरून बोट फिरवत म्हणाला, "बरा झाला."

एखादी लावून बघ ना, म्हटलं. "आता नको. बोटीर ऐकतंय." लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, झोपायला गेला.

१८ जानेवारी

कुडाळ स्टेशनवर सोडून आलो. गाडी येईपर्यंत पासपोर्ट, लोणच्याची बरणी आणि घराच्या कौलांचं बोलला. कवितांचं अवाक्षर नाही.

परतताना एसटीत रुक्मिणी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमचा मन राखूक मागल्यान तेणां. वायट वाटून घेव नको."

वाईट नाही वाटलं. उगाच कुडाळचं तेल मात्र घेतलं, दोन बाटल्या.

२६ जानेवारी

झेंड्याला गेलो. मुलांनी कविता म्हटली, चाल साफ चुकीची. कुणाला सांगणार!

५ फेब्रुवारी

सकाळी दीपेशचा फोन. कोलंबोहून. म्हणाला, चव्वेचाळीसही कविता बरोबर एका मिनिटाला तुटतात; तुमचा फोन एकाच मिनिटाचं भरून घेतो. हे मला माहीतच नव्हतं! मी डोळे मिटून म्हणतो. फोन कधीचा थांबलेला, आणि मी आपला शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतच होतो.

सगळी मेहनत वाया गेली, म्हटलं. तर म्हणतो —

"वाया खंयची? तुमी थांबलात की पुढचा मी म्हणतंय. बेचाळीस पुऱ्या झाल्या. लहानपणी पडवीत सगळा ऐकाक येय. दोनच काय केल्या आठवनत नाय, त्या सांगा."

एक सांगितली. दुसरी आत्ता आठवत नाही म्हटलं. पुढच्या बंदरातून फोन कर, तेव्हा सांगेन.