शहजोरचा डोळा

२ ऑक्टोबर १९५६
आजही थोडक्यात निभावलं! सकाळच्या सरावात शहजोरनं उडी घेतली, त्याचा मागचा पाय हर्डलच्या, त्या आडव्या कुडाच्या, काटक्यांत अडकला आणि वर बसलेले हे पार त्याच्या मानेवर आले. पडले नाहीत एवढंच. मी तबेल्यामागच्या हौदावर पाणी भरत होते — घागर हातातून सुटली. गेल्या साली असंच पडून यांच्या कपाळाला टाके पडले होते. चार हंगाम सगळ्यांना मागे टाकणारा घोडा, त्याला आता समोरचं कळू नये? आणि दरवेळी डावीकडेच कसा चुकतो मेला?

५ ऑक्टोबर
नवाबसाहेब तबेला मोडणार. हैदराबाद राज्यच मोडतंय, तिथं तबेल्याचं काय! एक नोव्हेंबरपासून आमचं नांदेड मुंबईकडे, आणि आम्ही इथे मौला अलीला, आंध्रात.
अठ्ठावीस तारखेची शर्यत बघायला मुंबईचे शेठ येणार आहेत. शहजोर जिंकला तर ते त्याला घेणार, सोबत स्वार म्हणून यांनाही. हरला तर चाळिशीतल्या स्वाराला कोण विचारतं? हे म्हणाले, "जिंकणारच."

११ ऑक्टोबर
धीर करून विचारलं — अहो, शहजोरचा डोळा गेलाय का?
बूट घासत राहिले. मग म्हणाले, "हो. डावा. कुणाजवळ बोलू नकोस, पंचफुला."
म्हणजे माझा नवरा आंधळ्या घोड्यावर बसून उड्या मारणार!

१२ ऑक्टोबर
रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

१९ ऑक्टोबर
शर्यतीआधी घोड्याला एकेका हर्डलपाशी नेऊन हुंगवतात, ही इथली रीत. बाकीचे एकदा नेतात, हे रोज. आज दुरून पाहिलं. शहजोर हुंगतो तोवर हे स्वतः काटक्यांवर हात फिरवतात, मागे जाऊन पावलं टाकत पुन्हा येतात. त्या मेल्यासाठी किती ते!
दुसरे स्वार यांचं कौतुक करतात, "उमाजी लगाम ढिली छोड देता, कलेजा है!" कलेजा यांचा, कुंकू माझं.

२६ ऑक्टोबर
सांगून टाकलं! घोड्यांच्या डॉक्टरांना वाटेत गाठलं आणि हात जोडले. यांचं काम जाईल, मुंबई जाईल. जाऊ दे. जिवंत नवरा घेऊन नांदेडला दुसऱ्याच्या रानात खुरपेन. पण हे आता मला काय म्हणतील?

२७ ऑक्टोबर
डॉक्टरांनी शहजोरच्या दोन्ही डोळ्यांत बत्ती धरली. डावीकडून हात उगारला. दरवेळी तो दचकून मान झटकायचा. "दोन्ही डोळे साफ आहेत," म्हणाले. रहीमचाचा, घोड्यांची निगा राखणारे आमचे म्हातारे मोतद्दार, हसता हसता गवतावर बसले. "नक्को डरो अम्मा, इसकू तो मक्खी बी दिखती!"
सगळे हसले. लाजून मीही हसले. हे तेवढे हसले नाहीत. घरी आल्यावर मला ओरडलेही नाहीत. एवढी चारचौघांत शोभा केली, तरी का ओरडले नाहीत?

२८ ऑक्टोबर, पहाट
चहाचा पेला मुद्दाम आवाज न करता यांच्या डाव्या हाताशी ठेवला.
"चहा कुठाय?" म्हणाले.
गेल्या सालचे टाकेही डावीकडचेच. मी पेला उचलून यांच्या उजव्या हाताशी ठेवला. यांना कळलं. "शहजोरला दिसतं ना? मग झालं," म्हणाले आणि उठून बूट चढवले.
मी यांच्या पुढे तबेल्याकडे धावले. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. यांना घेऊन ये रे बाबा, म्हटलं.