पाटाच्या कडेचं चित्र

बीड,
१० फेब्रुवारी २०१३

सरूअक्का,

पाया पडते. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींना नमस्कार, चतुराला पापा. इकडं मांजरसुंब्यापर्यंत सगळं उजाड आहे. गावात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. आईनं दोन्ही गुरं छावणीत नेऊन बांधलीत, तीही तिथंच राहते. तुमच्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, गाळप संपून कधी परतणार तुम्ही?

फोन दोनदा लावला आणि दोन्ही वेळा चतुराच्या शाळेचं विचारून ठेवला. जे सांगायचंय ते तोंडानं होत नाही. तू सहावीपर्यंत शिकलीस, म्हणून लिहिते. मुकादम आप्पाराव उद्या तिकडं निघालेत, त्यांच्याकडं पत्र देते.

इथं माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. सगळी आपलीच चित्रं. बैलगाडीवर लादलेला संसार, पाचटाच्या कोप्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी आई. गेवराईचे एक गुरुजी लई वेळ उभे होते. त्यांचे आईवडीलही कोयत्यावर, ऊसतोडीला जायचे.

सगळ्यांत मोठं चित्र तुळजा बुडाली त्या पाटाचं. पाण्याकडं निघालेली आपली दोन वर्षांची तुळजा, आणि पाठमोरी तू.

शुक्रवारी आईला छावणीतून मीच घेऊन आले. ती त्या चित्रापुढं थांबली. म्हणाली, "सरूचं ध्यान न्हवतं. तवाच कळलं, ह्या पोरीच्या भरवशावर काय सोडायचं न्हाई." शेजारी एक पत्रकार होता. त्यानं मला विचारलं, ही तुमची बहीण का, हिच्याकडंच होती का लहानगी?

मी हो म्हणाले, अक्का.

त्या दिवशी तू बैलांसाठी उसाचं वाढं आणायला गेली होतीस. "मालन, हिच्याकडं बघ," म्हणून गेलीस. मी पाटाकडेच्या ओल्या मातीत काडीनं बैल काढत होते. शिंगं जमत नव्हती. मान वर केली तेव्हा तुळजा नव्हती. आबा फडातून ओरडत आले, "कुणाकडं होती पोरगी?" मी तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालीस, "माझ्याकडं."

मी नऊ वर्षांची होते, तू तेरा. पुढच्या हंगामाआधी तुझं लग्न लावलं आणि मला वसतिगृहात घातलं. आबा गेले, तोवरही मी बोलले नाही.

पत्रकार गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तिथंच फरशीवर बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. मग म्हणाली, "सरू एकदाबी बोलली न्हाई. अन् म्या तिला एवढ्याशा वयात उजवली." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

काल चित्रातल्या तुला मी पुसलं. तिथं मातीत वाकून बसलेली मी काढली. तू आता लांबून, डोक्यावर भारा घेऊन येताना दिसतेस. ज्याला विचारायचं असेल त्यानं विचारावं.

आई गुरुवारी तुझ्याकडं निघतेय. छावणीतल्या बायनाबाई गुरं बघणार आहेत, त्यांच्याकडूनच मला कळलं. आईनं मला चल म्हटलेलं नाही. तरी मी त्याच गाडीनं येतेय. कोपीत घ्यावंसं वाटलं नाही तर घेऊ नकोस, मी बांधावर बसेन. चतुराला किती सांगायचं, ते तू ठरव.

जिच्या वाट्याचं तू सोसलंस, ती
मालन