चार बोटं, पण कुणाची?

७ ऑक्टोबर १९७४, सोमवार

भिंगरी आली! साखर कारखान्याचं सगळं आवार बघायला लोटलं. ट्रॅक्टरमागं जोडायचं गवतकापणी यंत्र — पोटाखाली एक आडवं पातं, ते गरगर फिरतं आणि गवत, तरवड, घाणेरी, जे येईल त्याचा भुगा करतं म्हणे. इंग्रजी नाव लांबलचक. पंधरा मिनिटांत आवारानं बारसं करून टाकलं — भिंगरी.

शेतकी साहेब म्हणाले, "मराठीत माहितीपत्रक हवं. शनिवारपर्यंत." म्हटलं, शुक्रवारी घ्या. वीस वर्षं सांगलीच्या साप्ताहिकात काढली, सहा इथं कारखान्याच्या पत्रिकेत. वेळ कधी चुकवली नाही. ट्रॅक्टरवर कधी बसलो नाही, ही गोष्ट वेगळी.

८ ऑक्टोबर

ट्रॅक्टरवर हंबीरराव असतात. फौजेत ट्रक चालवून आलेले, इथं तीन वर्षं रोजंदारीवर. वीस तारखेला माळावर प्रात्यक्षिक आहे. ते नीट झालं तर हंबीरराव कायम — साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिलाय.

म्हटलं, जोडून दाखवा. त्यांनी मान मागं वळवून ट्रॅक्टर एका दमात भिंगरीला भिडवला. खालचा डावा दांडा आधी, मग उजवा, मग वरचा, शेवटी पातं फिरवणारा शाफ्ट. इतकं सोपं बघून मीही पिन घेऊन पुढं सरसावलो.

"आवं संपादक, पिन हाय ती, लिवायचा टाक न्हवं! उलटी धरलीया."

अंगठा चेंगरला. घरी हळद लावताना ही म्हणाली, "स्टोव्हला पिन करता येत नाही, आणि निघाले ट्रॅक्टरला करायला!"

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्रक दिलं. एक दिवस आधी!

पातं किती उंच ठेवायचं, याचा इंग्रजी पुस्तकात इंचांचा तक्ता होता. इंच कसले! मी लिहिलं — 'पाते जमिनीपासून चार बोटे वर ठेवावे.' टेबलाच्या कडेला स्वतःचीच बोटं आडवी लावून मोजली. काय ती मातीतली भाषा! स्वतःवरच खूश झालो.

हंबीररावांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "बाकी ब्येस हाय. चार बोटं, पण कुणाची?"

"कुणाचीही!"

"आन् माळ कंचा?"

लय हसलो. पुढच्या अंकात चौकटीत टाकायला झकास विनोद.

१४ ऑक्टोबर

हजार प्रती आल्या. तीनदा वाचलं. मुद्रणदोष एकही नाही!

१९ ऑक्टोबर, शनिवार

हंबीरराव दारात. "पातं वीतभर वर ठिवूया म्हणत हुतो मी. माळावर धोंडं हाईत. पर साहेब म्हणत्यात, कागदात लिवलंय तसंच पायजे."

मी म्हटलं, "पत्रकावर विश्वास ठेवा, हंबीरराव!"

हे वाक्य मी म्हटलं. मीच.

२० ऑक्टोबर, रविवार

शंभर-दीडशे माणसं जमली. आष्ट्याहून बैलगाडीनं आलेले शेतकरी आप्पासो सगळ्यांत पुढं, हाताची घडी घालून. भिंगरी सुरू झाली. दहा पावलं झकास. मग ठणकन आवाज! पुन्हा ठणकन! एक धोंडा सणसणत आला आणि चहाची किटलीच घेऊन गेला. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा.

आप्पासो म्हणाले, "गवात कापतंय का धोंडं फोडतंय, गड्या?" माळ हसला.

पातं वाकून केळफुलासारखं झालेलं. साहेब लालबुंद. "कागदातलं सोडून उंची कुणी ठरवली?"

हंबीरराव खाली उतरले. "मी, साहेब."

त्यांच्या खिशातून पत्रक डोकावत होतं. माझ्या हातात तर गठ्ठाच होता, वाटायला आणलेला. मी काय केलं? गठ्ठा पाठीमागं धरला.

माणसं पांगल्यावर विचारलं, "कागद का दाखवला नाहीत?"

"खाली तुमचं नाव हाय. दोगं कशाला बुडायचं?"

२१ ऑक्टोबर

साहेबांनी हंबीररावांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

इंग्रजी पुस्तक काढलं. तक्त्यात दोन ओळी. सपाट हिरवळ — तीन इंच. खडकाळ, उंचसखल जमीन — आठ इंच. म्हणजे वीतभर. 'माळ कंचा?' हा प्रश्न पुस्तकातसुद्धा होता! दोन्ही ओळी मी तेव्हा वाचल्या होत्या. पत्रकात जागा एकीचीच होती, म्हणून पहिली घेतली. वेळेत दिलं ना!

२२ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. हिनं ओळखलं. सगळं सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "मग लिहा की. तुम्हाला दुसरं येतंय काय?"

सव्वीस वर्षांत शेकडो शुद्धिपत्रं लिहिली. प्रत्येकात 'मुद्रकाच्या नजरचुकीने'. बिचारा मुद्रक! आज दोष द्यायला तो हाताशी नाही. साहेबांना न दाखवताच छापायला दिलं :

'चार बोटे' ऐवजी 'एक वीत' असे वाचावे. चूक लिहिणाऱ्याची आहे. चालकाने ती आधीच दाखवली होती. लिहिणारा हसला.

वीस मिनिटांत लिहून झालं. तेही वेळेआधी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शुद्धिपत्र आवारभर वाचलं गेलं. साहेबांनी हंबीररावांना परत घेतलं. कायम! पत्रिका माझ्याकडून काढली. हंगामभर मी गाडीतळावर, उसाच्या गाड्यांना नंबर द्यायला.

संध्याकाळी हंबीररावांचा निरोप : "उद्या माळावर पुन्यांदा भिंगरी जोडायची हाय. संपादकास्नी म्हणावं, पिन घालायला या."