तिन्हीसांजेचं दार

९ जानेवारी, शुक्रवार
शाळेतून यायला उशीर. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, दोन गाड्या, आणि सासूबाई पडवीत बसून एका दाढीवाल्याला सोलकढी पाजतायत. सिनेमावाले, मुंबईचे. त्यांना आमचं घर हवंय. खरं म्हणजे दार हवंय, फणसाचं, दोन फळ्यांचं. दाढी (हाच दिग्दर्शक) त्यावरून असा हात फिरवत होता की जणू म्हैस विकत घेतोय.
मला विचारायच्या आधीच आईंनी होकार दिलेला. "घर कसा सुना सुना वाटता गो. जरा माणसां येतली." मी घरात असते ती कोण मग? असो. पाय दुखतायत. भात लावला आणि आडवी झाले.

११ जाने., रवि.
सिनेमाची गोष्ट कळली. विधवा बाई. होड्या बांधणारा ख्रिश्चन माणूस. गावात बोभाटा. शेवटी बाई समुद्रात चालत जाते. दाढी चहा पिता पिता सांगत होता आणि मी तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत होते.
नटीला मालवणी शिकवायचं काम माझ्याकडे. शाळा सुटल्यावर तासभर. हो म्हणून बसले. कशाला म्हटलं कोण जाणे.
गुरवाने देवीला कौल लावला, उजवा मिळाला. वाडी खूश. देवीला गोष्ट कुणी सांगितली होती की नुसतंच 'शूटिंग' म्हणाले?

१२ जाने., सोम.
इ., आमचा पाववाला, नेहमीप्रमाणे सकाळी सायकलवरून पाव घेऊन आला. खळ्यात उभा राहिला. आई पायरीवर, तो खाली. गुडघे, हवा, कुणाचं बारसं, सगळं बोलून झालं. आमचे हे वारल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, रोज हेच. इतक्या वर्षांत त्याला कुणी 'वर ये' म्हटलं नाही, आणि तोही कधी चढला नाही. आईंना तो आवडतो. खळ्यापुरता.
शाळेतून येताना इ.च्या भट्टीवर थांबले. पिठाच्या पोत्यावर बसले. सिनेमाची गोष्ट सांगितली तर हसला. "समुद्रात कित्याक जाता ती? भट्टीर येवचा. पाव तरी गरम गावतले."
मग हसणं संपलं. म्हापशाहून बहिणीचा परत फोन. तिचा नवरा थकलाय, तिथली भट्टी इ.ने सांभाळावी म्हणते. त्याने महिनाअखेरची मुदत घेतलीय. "तू रव म्हणशीत तर रवतंय. पण खळ्यात नाय आता, सुमन. माझी पन्नाशी झाली."
नोंदणी लग्न करू म्हणतो. धर्म ज्याचा त्याच्याकडे, त्याचं चर्च, माझं देऊळ. आईंना आपण दोघं बघू म्हणतो. सगळं बरोबर बोलतो, तेच अवघड आहे.
मला तो हवाय. लिहून टाकलं एकदाचं.

१४ जाने., संक्रांत
शेजारच्या कुंदाकाकींकडे हळदीकुंकू. नेहमीसारखा तिळगूळ नातवाच्या हाती घरपोच आला. कुणी वाईट बोलत नाही आमच्याकडे. फक्त डबा घरपोच येतो.

१७ जाने., शनि.
नटी गोड पोर आहे. पुण्याची. 'माका' म्हणताना तोंडात गरम बटाटा असल्यासारखं करते. आज तिला शिकवायचं वाक्य: "माका तेच्यावांगडा ऱ्हवाचा आसा." मला त्याच्याबरोबर राहायचंय. वीस वेळा म्हणून दाखवलं. आई आत तांदूळ निवडत होत्या.
नटी म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता तेव्हा किती खरं वाटतं!" मी पाणी प्यायला उठले.

१८ जाने., रवि.
आज जे झालं ते लिहायलाच हवं. सिनेमातलं हळदीकुंकू आमच्या पडवीत. गर्दीला वाडीतल्याच बायका. एक बाई कमी पडली. कपडेपटाच्या मुलीने मला धरलं, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळाला भलं मोठं कुंकू. ती मुंबईची, तिला काय ठाऊक. मी नको नको म्हणतेय तर कुंदाकाकीच म्हणाल्या, "बस गो. शूटिंगात चलता." आणि माझं कुंकू वाकडं झालं होतं ते स्वतःच्या बोटाने नीट केलं. चार दिवसांपूर्वी हिनेच डबा पाठवला होता.
मी हसले की काय कुणास ठाऊक, दाढी ओरडला, "ताई, कॅमेऱ्यात बघू नका."
आई कोपऱ्यात बसून बघत होत्या. घरी, म्हणजे आतल्या खोलीत, कुंकू पुसलं. कपाळ खूप वेळ लाल राहिलं.

२० जाने., मंगळ.
दाढीशी वाद. म्हटलं, बाईला बुडवता कशाला? आमच्याकडे असल्या गोष्टीपायी कुणी बुडत नाही. बाई दुसऱ्या दिवशी उठून पेज करते. तो म्हणाला, "पेजेवर सिनेमा संपत नाही हो." वर, गावाने तिला आरडाओरडा करून हाकललं पाहिजे म्हणे. इथे कोण ओरडतं? इथे 'जेवलंस?' विचारतात आणि बस म्हणत नाहीत. त्याला पटलं नाही. मीही सोडून दिलं. घसा बसलाय.

२२ जाने., गुरु.
आईंना भूमिका मिळाली! नटी रडत दारात येणार, "काकी, माका घरात घेशात?" म्हणणार, आणि काकीने, म्हणजे आईंनी, एक शब्द न बोलता दार लावायचं. बस इतकंच. आई सकाळपासून केस विंचरतायत.
मला पक्कं ठाऊक आहे, त्या चोख लावतील. माझ्यावर दार कसं लागेल ते आधीच बघायला मिळेल, असं वाटलं. फुकटात.

२३ जाने., शुक्र.
दाढीला संध्याकाळचा उजेड हवा होता. दिवेलागणीची वेळ. नटी आली, काय रडली पोरगी. आईंनी दार लावायचं तर म्हणतात, "ये गो, बस. जेवलंस?"
सगळे हसले. पुन्हा. या वेळी दार अर्धं लोटलं आणि थांबल्या. पुन्हा. फट ठेवली. दाढी हात जोडून म्हणाला, "आजी, पूर्ण लावा ना." तर आई सरळ खुर्ची ओढून बसल्याच. "तिनसांजेक दारात इल्ल्या बायलमाणसाच्या तोंडार दार लावूचा नाय. माझ्यान जमाचा नाय. दुसरी कोण बघा."
उजेड गेला, शूटिंग गेलं. मला रडू आलं. मोरीत जाऊन रडले, पाण्याचा नळ सोडून. इतकी वर्षं मी ह्या बाईला ओळखलंच नव्हतं असं वाटलं. उद्याच सांगते त्यांना. उद्याच.

२४ जाने., शनि.
सांगितलं नाही. कारण लिहिते.
दाढी हुशार निघाला. त्याला कुणीतरी सांगितलं की तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, त्या वेळी कोकणात कुणी पुढचं दार लावत नाही. म्हणून आज भर दुपारी बोलावलं सगळ्यांना. बाहेर काळं कापड लावून संध्याकाळ केली. नटी आली, रडली, म्हणाली, "काकी, माका घरात घेशात?"
आईंनी दार असं आपटलं की कौलांतली धूळ खाली पडली. एका झटक्यात ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई दार उघडून बाहेर आल्या, पदराने तोंड पुसलं, मला म्हणतात, "बरा झाला मां?"
"बरा झाला," म्हटलं.
म्हणजे काल आई लक्ष्मीसाठी थांबल्या होत्या. माझ्यासाठी नाही, त्या पोरीसाठीही नाही. मी किती मूर्ख. चव्वेचाळीस वर्षांची बाई नळ सोडून रडतेय.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन, मुलांची कवायत, लाडू. भट्टीवर गेले नाही. सकाळी इ. पाव देताना माझ्याकडे बघत होता, मी आत गेले. त्याने काही केलेलं नाही, तरी त्याचाच राग येतोय. खळ्यात इतकी वर्षं उभा राहिलाच कशाला?

२८ जाने., बुध.
सिनेमावाले गेले. नटी जाताना गळ्यात पडली. खळं परत रिकामं. आईंना करमत नाही, दुपारी आपणहून बोलायला लागल्या. भाजी चिरत होते मी.
"ती बाई समुद्रात जातली म्हणे शेवटाक?"
"होय."
"येडी ती. तिना आधी सांगूक व्हया होता. सगळा चोरून करूचा, गावभर झाला की मगे रडत दारात येवचा. अशी इली तर कोण पण दार लावतला. मी पण लावलंय."
"आणि आधी सांगितल्यान असता तर?"
आईंनी चिरलेल्या भाजीतलं एक देठ उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, "माका कोण इचारता? सिनेमात काकीक कोणी काय इचारूकच नाय."
मी विळी बाजूला ठेवली. आता बोलावं. तेवढ्यात कुंदाकाकी आल्या सिनेमाच्या गप्पा मारायला, आणि राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

३० जाने., शुक्र.
भट्टीवर गेले. इ. कणीक मळत होता. मान वर न करता मळतच राहिला. मग: "भयणीक काय सांगू?"
म्हटलं, ये घरी. खळ्यात नाही. वर ये, पडवीत बस, मी आईंना तुझ्यासमोर सांगते. माझ्या एकटीच्या तोंडून निघत नाही.
"खेच्या वेळार? सकाळी पाव घेवन?"
"सकाळी नको. तिनसांजेक ये."
त्याने हात थांबवले. त्याला समजलं का, माहीत नाही. मी समजावून सांगितलं नाही. त्याच्या हातांचं पीठ माझ्या मनगटाला लागलं ते घरी येईपर्यंत झटकलं नाही.
ही लबाडी आहे हे कळतंय. पण आईंना ज्या वेळेला दार लावता येत नाही, त्याच वेळेला मी त्याला दारात आणणार. माझ्याकडे दुसरं काही नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
सकाळी पाव आले, तो नेहमीसारखा उभा राहिला, गेला. आंघोळ करून आईंना म्हटलं, "आज सांजचो इनास येतलो."
"सकाळी इल्लो मां?"
"परत येतलो. वर येतलो. माका तुमका कायतरी सांगूचा आसा."
माझ्याकडे बघितलं. मग कपाळाकडे बघितलं, जिथे काही नव्हतं. "बरा," म्हणाल्या आणि तुळशीचा दिवा घासायला घेतला. राखेने, दोनदा. दुपारी नीट जेवल्या, मलाही वाढलं.

आता ऊन उतरलंय. लिहितेय, कारण हातांना काहीतरी काम हवं. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या. तुळशीत दिवा अजून लावायचाय, वात आईंच्या हातात आहे, काडेपेटी शेजारी, आणि त्या लावत नाहीयेत. दिवा लागेपर्यंत तिन्हीसांज झाली म्हणायची की नाही? पाणंदीत सायकल. त्याने घंटी वाजवली नाही, पण चेन करकरते ती ओळखते मी.
आई उठल्या. वात ठेवली. दाराशी जाऊन उभ्या राहिल्यात, माझ्याकडे पाठ, एक हात फळीवर.
इ. पायरीशी आलाय.